आकड्यांना माणसांत आणणारी बाई

मागच्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंचा रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन आणि सगळ्यात खाली थायरॉइडची टीएसएच. तिच्यापुढे छापलं होतं ०.०. सासूबाई गेली कित्येक वर्षं सकाळी उठल्याउठल्या अनशापोटी थायरॉइडची गोळी घेतात. शून्य कसं येईल? लॅबचं मशिन बिघडलं असणार, असं घरात सर्वानुमते ठरलं आणि रिपोर्ट फ्रिजवरच्या लोहचुंबकाखाली जाऊन बसला. इकडे त्यांची छातीतली धडधड आणि रात्रीचं तळमळणं चालूच. वय झालं, हवा कोंदट आहे, अशी कारणं आम्हीच पुरवत होतो. तीन आठवड्यांनी दुसरीकडे रक्त दिलं तेव्हा आकडा आला ०.०३. टीएसएच इतकी खाली जाते ती गोळी जास्त होत असली की. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि दोनेक महिन्यांत सासूबाई पूर्ववत भाजी निवडताना गुणगुणायला लागल्या.

म्हणजे मशिन ठीक होतं, आकडाही ठीक होता. पहिल्या लॅबच्या प्रोग्राममध्ये कुणीतरी एवढंच ठरवून ठेवलं होतं की प्रत्येक तपासणीचा आकडा दशांशचिन्हानंतर एकाच घरापर्यंत छापायचा. हिमोग्लोबिनला ते शोभतं, १२.४. टीएसएचचा मात्र त्यात जीवच जातो.

मैत्रिणींनो, त्या लॅबवर चिडायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. कारण गेली वीसेक वर्षं माझं पोट याच कामावर चालतं. औषधांच्या चाचण्यांचे आकडे प्रोग्राम लिहून तक्त्यात बसवायचे. आणि मीसुद्धा कित्येकदा घाईत अख्ख्या रकान्याला एकच फॉरमॅट लावून मोकळी झालेय. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा मला आठवत राहिल्या त्या ग्रेस हॉपर. आकडा यंत्राच्या पोटात एका रूपात असतो आणि माणसाला वाचायला दुसऱ्या रूपात लागतो, या एका गोष्टीपायी ज्यांनी आयुष्य घालवलं, त्या.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६चा, न्यूयॉर्कचा. तीन भावंडांत थोरली. वडील विम्याच्या धंद्यात. आईला गणिताची, त्यातून भूमितीची भारी हौस, पण त्या काळात मुलींनी त्यात फार पुढे जायची पद्धत नव्हती. आजोबा शहराचे सर्व्हेयर होते. रस्त्याची मोजणी करायला निघाले की नातीला बरोबर घेत, आणि ती लाल-पांढरा दांडा धरून उभी राही. सात वर्षांची असताना तिने घरातलं गजराचं घड्याळ उघडलं. परत जोडता येईना म्हणून कसं जुळलंय ते बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. अशी सात घड्याळं पसरून झाल्यावर आईला पत्ता लागला. आईने काय केलं असेल? तिला एक घड्याळ खेळायला दिलं आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही असं बजावलं. (आमच्याकडे पाठीत धपाटा बसला असता.) वडिलांच्या पायांचं दुखणं पुढे इतकं वाढलं की दोन्ही पाय काढावे लागले. पण मुलींनाही मुलाइतकंच शिकवायचं, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

व्हॅसार कॉलेजचा प्रवेश पहिल्या खेपेला हुकला, तोही लॅटिनमध्ये नापास झाल्यामुळे. भाषेच्या पेपरात गटांगळी खाल्लेली ही मुलगी पुढे यंत्राला भाषा शिकवणार होती, हे मला फार आवडतं. दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ मध्ये पदवी, १९३० मध्ये येल विद्यापीठातून एम.ए., १९३४ मध्ये तिथूनच गणितात डॉक्टरेट. १९३० मध्येच लग्न झालं, व्हिन्सेंट हॉपर या साहित्याच्या प्राध्यापकाशी. त्यांनी मध्ययुगात लोक आकड्यांना कोणकोणते गूढ अर्थ चिकटवत, यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, १९३८ मध्ये. एकाच घरात दोघांचंही आकड्यांशी नातं, पण किती वेगळं! १९४५ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. मूलबाळ नव्हतं. आडनाव मात्र ग्रेसने तेच ठेवलं.

मधल्या काळात दुसरं महायुद्ध आलं. ग्रेस व्हॅसारमध्ये शिकवत होती, पक्की नोकरी होती. वय ३७. नेव्हीच्या हिशेबाने जास्त. वजन १०५ पौंड, म्हणजे साधारण ४८ किलो. नेव्हीच्या हिशेबाने १५ पौंड कमी. सरकारला गणिताच्या प्राध्यापकांची गरज होती ती वेगळीच. तरी ती हटून बसली, सवलत मिळवली, डिसेंबर १९४३ मध्ये भरती झाली आणि आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलींबरोबर कवायत करून तुकडीत पहिली आली. इथून पुढे मी तिला बाई म्हणणार. गणवेश चढला की एकेरीत बोलवत नाही.

जुलै १९४४ मध्ये बाई हार्वर्डला हजर झाल्या. समोर ५१ फूट लांब, ८ फूट उंच, खडखडाट करणारं एक धूड. मार्क वन. सेकंदाला तीन बेरजा करायचं, पण आकडे २३ अंकी सांभाळायचं. प्रमुख होते हॉवर्ड आयकेन, स्वभावाने कडक. त्यांनी आल्याआल्याच एका गणिती मालिकेचे सहगुणक २३ अंकांपर्यंत काढून आणायला सांगितले आणि त्यासाठी एक आठवडा दिला. यंत्र कसं चालवायचं हे सांगणारं पुस्तक नव्हतंच. ते पुढे बाईंनीच लिहिलं. कागदी पट्टीला भोकं पाडून यंत्राला आज्ञा द्यायच्या. जमलेला तुकडा वहीत उतरवून ठेवायचा, पुढच्या कामाला वहीतून परत हाताने उतरवायचा. तिथे बाईंच्या ध्यानात आलं की चांगली शिकलेली माणसंसुद्धा उतरवताना चुकतात. तिनाचे आठ होतात, बेरजेत हातचा राहतो. हे काम यंत्राकडेच का देऊ नये, हे बीज तेव्हाचं.

पतंगाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ९ सप्टेंबर १९४७ला मार्क टू यंत्राच्या आत एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, तो आजही जपलेला आहे. ही गोष्ट बाई पुढे रंगवून सांगत, त्यामुळे बग हा शब्द त्यांनीच काढला असं पसरलं. तसं नाही. तो शब्द इंजिनिअर लोकांत आधीपासून होता. ज्या गोष्टीसाठी त्यांना खरं ओळखायला हवं, ती निराळीच आहे.

१९४९ मध्ये हार्वर्डची मुदत संपली. कायमची जागा नव्हती. लग्न मोडलेलं, युद्ध संपलेलं, आणि बाईंचं पिणं फार वाढलेलं. चरित्रांमध्ये हा भाग दोन ओळींत उरकतात, पण तो होता, आणि मित्रमंडळींनी हात धरला म्हणून त्या त्यातून उभ्या राहिल्या. फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली या जोडीच्या नव्या कंपनीत त्या रुजू झाल्या. तिथे एक यंत्र होतं बायनॅक. ते आपल्यासारखं दहाच्या पटीत मोजत नव्हतं. त्याच्याशी बोलायचं तर आठाच्या पटीत. तिथे सातानंतर एकदम दहा, वीसातून तीन गेले की पंधरा. बाई ते शिकल्या, नुसत्या शिकल्या नाहीत तर त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार बोटावर करू लागल्या.

आणि मग घरी त्यांच्या बँकेच्या खात्याचा मेळ बसेना. महिन्यामागून महिने. गणितातली डॉक्टरेट, आणि चेकबुकची वजाबाकी चुकतेय! शेवटी धाकटा भाऊ रॉजर, जो बँकेतच होता, त्याच्यापुढे त्यांनी कागद ठेवले. त्याने बसून शोधून काढलं. बाई अधूनमधून नकळत आठाच्या पटीत वजाबाकी करत होत्या.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा हसले होते. सासूबाईंच्या रिपोर्टनंतर हसू आलं नाही. यंत्राची सोय बघता बघता माणसालाच आपला आकडा परका होतो, हे बाईंनी स्वतःच्या पैशांवर भोगलं होतं. त्यांनी उलटी बाजू धरली. माणसाने यंत्रासारखं मोजायचं नाही, यंत्राने माणसासारखं लिहायचं.

१९५२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या गटाने पहिला कंपायलर चालवून दाखवला, ए-झीरो. आधी लिहिलेले तुकडे टेपवर क्रमांक घालून ठेवायचे, आणि नुसता क्रमांक सांगितला की यंत्राने स्वतःच ते शोधून एकापुढे एक जोडायचे. बरेच दिवस त्याला कुणी हात लावेना. यंत्र गणित करतं, प्रोग्राम लिहीत नाही, हा समज पक्का. त्यानंतर बाई म्हणू लागल्या की आज्ञा चिन्हांत कशाला, साध्या शब्दांत लिहू. दुकानाचा, पगाराचा, मालाचा हिशेब बघणाऱ्यांना बीजगणिताची चिन्हं कशाला हवीत? वरिष्ठांना दाखवायला त्यांनी एक छोटा प्रोग्राम इंग्रजी शब्दांत केला, आणि उत्साहाच्या भरात तोच फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवला. झालं! अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच-जर्मन कसं समजेल, म्हणून साहेब मंडळी बिथरली. यंत्राला सगळ्याच भाषा सारख्याच परक्या, हे समजावताना बाईंची दमछाक झाली. पैसे शेवटी इंग्रजीपुरतेच मिळाले. त्यातून फ्लोमॅटिक ही भाषा तयार झाली.

फ्लोमॅटिकमधली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. डेटा कसा दिसतो याचं वर्णन एकीकडे आणि त्याचं काय करायचं याच्या आज्ञा दुसरीकडे, अशी त्यात फारकत केली होती. मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एकच व्यवहाराची भाषा करायचं ठरलं, तेव्हा ही फारकत त्या नव्या भाषेत गेली. ती भाषा कोबॉल. बाई त्यात सल्लागार होत्या. त्यांना कोबॉलची आई म्हणायची पद्धत आहे, पण ते खरं नाही. ती कल्पना मांडून माणसं गोळा करणाऱ्या मेरी हॉज होत्या, भाषा प्रत्यक्ष घडवणाऱ्या समितीत जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टिअर्नी होत्या. बायकांच्या पुरवणीत तरी ही नावं यायला हवीत. बाईंना फार तर आजी म्हणावं. डिसेंबर १९६० मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच कोबॉल प्रोग्राम चालला.

कोबॉलमध्ये आकड्याचं चित्र काढता येतं. शब्दशः, त्या कलमाचं नावच पिक्चर. ती कल्पना आयबीएमच्या बॉब बेमर यांच्या भाषेतून आली. जिथे अंक हवा तिथे नऊ लिहायचा, डावीकडची निरर्थक शून्यं पुसायची असतील तिथे झेड. चेकवर कुणी पुढे अंक घुसडू नये म्हणून तारका. आपण चेकवर ‘फक्त’ लिहून रेघ ओढतो, तसंच. स्वल्पविराम तुम्ही ठेवाल तिथे पडतो, त्यामुळे लाख-कोटीची आपली मांडणीसुद्धा सहज जमते. मी कामाला लागले ते १९९८ मध्ये, वायटूकेच्या लाटेत, आणि पहिलं काम हेच मिळालं, जुन्या कोबॉलमधली वर्षांची चित्रं शोधायची. वर्षाला दोनच नऊ दिलेले. ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डावर जागा वाचवायची म्हणून कधीतरी घेतलेला निर्णय. ९९ नंतर ०० आलं की यंत्राला ते १९०० वाटणार. आमच्यासारखी किती पोरं-पोरी तेव्हा रात्र रात्र जागली!

चित्राची गोम अशी की ते प्रोग्राम लिहितानाच ठरतं. पुढे आकडा कसाही येवो, साचा तोच.

पुढे मी सॅस या भाषेकडे वळले. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठात शेतीच्या प्रयोगांचे आकडे हाताळायला ती जन्मली, १९७६ मध्ये तिची कंपनी झाली. तिच्यात पोटातला आकडा आणि दिसणारा आकडा ही ताटातूट आणखी पुढे गेलीय. तारीखसुद्धा तिच्या पोटात नुसता आकडाच असते, १ जानेवारी १९६० म्हणजे शून्य. आपला १५ ऑगस्ट १९४७ तिथे उणे ४५२२ म्हणून पडलेला असतो. फॉरमॅट चढवला की मग तारीख होऊन समोर येतो.

फॉरमॅट चढवायचं रोजचं फंक्शन पुट. पण पुटला फॉरमॅट आधीच लिहून द्यावा लागतो, कोबॉलच्या चित्रासारखा. तिचीच एक बहीण आहे पुटएन. तिला फॉरमॅटचं नाव दुसऱ्या रकान्यातून उचलता येतं, तेही प्रोग्राम धावत असताना, ओळीओळीला वेगळं. म्हणजे तपासणीचं नाव, आकडा आणि शेजारी त्या तपासणीला साजेसा फॉरमॅट. हिमोग्लोबिनच्या ओळीला एक दशांश, टीएसएचच्या ओळीला तीन, प्लेटलेटला एकही नाही. प्रोग्राम एकच, प्रत्येक आकडा आपापल्या कपड्यात. नवी तपासणी आली तर प्रोग्रामला हात लावायचा नाही, छोट्या तक्त्यात एक ओळ वाढवायची. तो तक्ता लॅबमधल्या कुणालाही वाचता येतो, चुकलं असेल तर बोट ठेवता येतं.

फुकट काही मिळत नाही म्हणा. पुटएनने जे बाहेर येतं ते अक्षरं असतात, त्यांची पुन्हा बेरीज करायला जाऊ नये. आणि फॉरमॅटचं नाव चुकलं तर ते आधी कळत नाही, यंत्र त्या ओळीपर्यंत पोचल्यावरच कळतं. लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसाठी सॅसमध्ये स्वतःचं चित्र बनवावं लागतं. मी पहिल्यांदा बनवलं त्यात उणे चिन्ह वेगळं सांगायचं राहिलं, आणि सगळा तोटा नफ्यासारखा दिसायला लागला. वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचले.

बाईंनी ही बहीण वापरल्याची काही नोंद नाही, उगाच त्यांच्या नावावर खपवत नाही. पण १९६६ अखेर नेव्हीने त्यांना निवृत्त केलं आणि सातच महिन्यांत, ऑगस्ट १९६७ मध्ये, परत बोलावलं, ते कशासाठी? प्रत्येक जण आपापला कोबॉल चालवत होता, त्याला एका नियमात आणण्यासाठी. बोलावलं सहा महिन्यांसाठी, बाई राहिल्या एकोणीस वर्षं. कंपायलर खरंच नियमाप्रमाणे वागतो की नाही, हे तपासायच्या चाचण्या त्यांच्या गटाने तयार केल्या. ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ टांगलेलं. वेळ तेवढीच बरोबर दाखवायचं, फक्त वाचायची सवय मोडावी लागे. भाषणाला जाताना सुमारे ३० सेंटिमीटरचे तारेचे तुकडे घेऊन जायच्या आणि वाटायच्या. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते, हे हातात धरून बघा म्हणून. सेकंदाचा शंभर कोटीवा भाग आकड्यात लिहून कुणाच्या डोक्यात शिरतो?

१९६९ मध्ये संगणक व्यावसायिकांच्या एका संघटनेने त्यांना वर्षाचा पुरस्कार दिला. पुरस्काराचं नाव मॅन ऑफ द इयर. बाईंनी तो घेतला. १९८६ मध्ये बोस्टनला, कॉन्स्टिट्यूशन या जुन्या शिडाच्या जहाजावर, रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या, वय ७९. लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार. नव्या शतकाची पहाट बघायची त्यांची इच्छा होती. तेवढी राहिली. १ जानेवारी १९९२च्या दिवशी झोपेतच गेल्या. आमची ती दोन नऊंची रात्र अजून आठ वर्षं लांब होती.

मी ऑफिसातल्या जुन्या प्रोग्राममधले सगळ्या रकान्याला एकच फॉरमॅट लावणारे पुट शोधून काढायला घेतलेत. संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंना थोडंथोडं सांगते, त्यांना घड्याळांची गोष्ट सगळ्यात आवडली. परवा त्यांचा नवा रिपोर्ट आला. मला देण्याआधी त्यांनी स्वतः चष्मा लावून शेवटची ओळ मोठ्याने वाचली, शाळेत शिकवायच्या तशी, दोन पूर्णांक चौदा शतांश. मग कागद घडी घालून ठेवत मला विचारलं, त्या नेव्हीतल्या बाईंनाही थायरॉइड होता का गं?